हिरड्या सरकत होत्या आणि मी ‘नाही’ म्हणत होते

माझ्या मुलीचा, प्राचीचा साखरपुडा झाला आणि चार दिवसांनी मोबाईलवर फोटो आले. घरात सगळे एकेक फोटो मोठा करून बघत होते. एका फोटोत मी मनापासून हसले होते. खालचे पुढचे दात लांबच लांब, मुळाशी पिवळट, आणि दोन दातांच्या मध्ये काळ्या फटी. मला आधी वाटलं, फोटो काढणाऱ्यानेच काहीतरी घोळ घातला असेल. प्राचीने तो फोटो बोटाने पुढे सरकवला आणि म्हणाली, “आई, लग्नात जरा तोंड मिटून हस ना.”

ती वाईट हेतूने बोलली नव्हती. पण मी उठले, मोरीतल्या आरशासमोर गेले आणि खालचा ओठ ओढून नीट बघितलं. दात वाढले नव्हते. हिरडीच खाली गेली होती. दाताचा जो भाग आयुष्यभर झाकलेला असतो, तो उघडा पडला होता.

माझं नाव उज्ज्वला. वय एकोणपन्नास. घाटकोपर पूर्वेला अंगणवाडीत सेविका आहे. हे लिहायला बसले, कारण त्या आरशासमोर उभं राहून मला कारण माहीत होतं. पुढे डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही माहीत होतं. मी सांगितलं नाही. माझ्यासारखं न सांगणाऱ्या बायका मला अंगणवाडीत रोज भेटतात.

मशेरी

आमची आई तव्यावर तंबाखूचं पान काळं होईपर्यंत भाजायची आणि हाताने चुरून डबीत भरायची. साताऱ्याकडच्या आमच्या सगळ्या बायका लावायच्या. सकाळी बोटावर घ्यायची, हिरड्यांना चोळायची आणि कामाला लागायचं. मी पंधराव्या-सोळाव्या वर्षी लावायला लागले. डोकं जरा हलकं व्हायचं आणि पोट साफ व्हायचं. पुढे पुढे तर ती लावल्याशिवाय पोट साफच होईना.

लग्न ठरलं तेव्हा दीपक, म्हणजे माझे मिस्टर, एकच गोष्ट बोलले होते. त्यांचे वडील तंबाखूपायी तोंडाच्या आजाराने गेले होते. घरात तंबाखू नको, एवढंच. मी हो म्हणाले आणि सोडलीही. आठ महिने. प्राचीच्या वेळी दिवस गेले, उलट्यांनी जीव नकोसा झाला, तेव्हा एकदा लावली. ती परत सुटली नाही. सत्तावीस वर्षं मी ती मोरीचं दार लावून लावली. हे अंधेरीला लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर जातात, सकाळी सातला घर सोडतात. त्यानंतर माझी वेळ.

लावून झाली की मी कडक ब्रश घेऊन दात खसाखसा घासायची. डाग राहू नयेत म्हणून. मला सव्वानऊला अंगणवाडीत माता बैठक घ्यायची असायची, आणि तिथे गरोदर बायकांना मीच सांगायची की मशेरी लावू नका, बाळाचं वजन भरत नाही. खोटं नाही सांगत, हे बोलताना माझी जीभ कधी अडखळली नाही.

दोन वर्षांपासून थंड पाणी पुढच्या दातांना झोंबत होतं. मग पेरू चावताना कळ यायला लागली. मशेरी चोळली की ती जागा बधिर व्हायची, म्हणून मी सकाळची एकदा होती ती दुपारचीही सुरू केली. ज्याने हिरडी जात होती तेच मी औषध म्हणून लावत होते. आणि हिरड्यांतून रक्त मात्र कधी आलं नाही. रक्त नाही म्हणजे हिरड्या ठणठणीत, असं मी स्वतःला सांगायची.

तपासणीचा दिवस

दातांच्या सरकारी हॉस्पिटलात गेलो. दीपकनी मुद्दाम रजा घेतली. मी नको म्हणत होते. त्यांना वाटलं मी घाबरले, म्हणून ते जास्तच आग्रहाने आले.

हिरड्यांच्या विभागातल्या डॉक्टर तिशीतल्या होत्या, बोलायला शांत. त्यांनी माझ्या हातात आरसा दिला आणि एकेक दात दाखवला. म्हणाल्या, हिरडी सरकायची कारणं बरीच असतात. कोणी ब्रश फार जोरात घासतं, कोणाची हिरडीच मुळात पातळ, कोणाचे दात वेडेवाकडे. दातावर साचलेला थर दगडासारखा घट्ट झाला की तो हिरडीला खाली ढकलतो आणि आतलं हाड झिजतं. माझ्या बाबतीत हाडही झिजलं होतं. खालच्या चार दातांपैकी दोन थोडे हलत होते.

मी विचारलं, औषधाने हिरडी परत वर येईल ना?

“एकदा सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही,” त्या म्हणाल्या. “आहे ती वाचवायची. काही ठिकाणी टाळूची कातडी काढून तिथे लावता येते.”

मग त्यांनी केसपेपर पुढे ओढला आणि एकेक विचारायला लागल्या. साखर आहे का, बीपी आहे का, घरात कोणाचे दात लवकर पडले का. आईचे पन्नाशीतच पडले होते, ते मी सांगितलं. ब्रश करताना रक्त येतं का? कधीच नाही, म्हणाले. एवढा थर असून रक्त नाही, याचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं. मग विचारलं, “तंबाखू, मशेरी?”

“नाही.”

शेजारी बसलेले दीपक पुढे सरकले. “लग्नाआधी लावायची, मॅडम. एका शब्दावर सोडली. सत्तावीस वर्षं झाली.”

हे सांगताना त्यांचा चेहरा कसा होता ते मी विसरू शकत नाही. माझ्याबद्दल चारचौघांत कौतुकाने सांगायला त्यांच्याकडे ही एकच गोष्ट होती. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. तो एक क्षण मला मिळाला होता. मी खाली बघितलं. त्यांनी केसपेपरवर ‘नाही’ लिहिलं.

टाळूचा तुकडा

आधी दोन वेळा खोल सफाई झाली. हिरडीच्या आत जाऊन दाताचं मूळ खरवडतात. दुखत नाही, बधिर केलेलं असतं, पण आवाज डोक्यात घुमतो. बाहेरच्या बाकावर मुलुंडच्या एक आजी भेटायच्या, त्यांचंही हेच चाललं होतं. त्या म्हणायच्या, तोंड उघडं असताना मनात पाढे म्हणायचे, वेळ जातो. मी सतराचा पाढा तिथे पक्का केला.

मग ऑपरेशन. टाळूची पातळ कातडी काढून खालच्या दोन दातांपुढे टाके घालून बसवली. तासभर लागला असेल. भीती वाटली ती सुईची नाही, तोंडावर सोडलेल्या मोठ्या दिव्याची. तेवढ्या उजेडात तोंड उघडून पडलं की वाटतं, आता सगळं दिसणार.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. दोन आठवडे तिथे ब्रश लावायचा नाही, गरम आणि तिखट नाही, ओठ ओढून बघायचं नाही. आणि परत एकदा, विडी-सिगारेट आणि तंबाखू अजिबात नाही, कातडी धरत नाही. त्या कातडीला रक्त मिळालं तरच ती जगते आणि तंबाखूने रक्ताच्या बारीक नळ्या आखडतात. तेव्हा मला उलगडलं की माझ्या हिरड्यांतून रक्त का येत नव्हतं. दुखणं आत चालू होतं आणि मशेरी ते झाकून ठेवत होती.

दीपक त्या दिवसांत स्वयंपाकघरात उभे राहिले. त्यांना चहापलीकडे काही येत नव्हतं. त्यांनी प्राचीला विचारून विचारून मऊ भात केला, नाचणीची पेज केली, ती थंड करून मला वाटीत दिली. पहिल्या दिवशी गुठळ्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाळून दिली. अंगणवाडीतल्या आमच्या मदतनीस शांताबाई मुलांना गोष्टी सांगायचं माझं काम करायला लागल्या. मला फार बोलायची मनाई होती ना. सगळे माझ्यासाठी काही ना काही करत होते.

चौथ्या दिवशी डोकं फुटायची वेळ आली. पोट तीन दिवस साफ नव्हतं. प्राचीवर कारण नसताना ओरडले. दीपक कामावर गेले आणि मी मोरीचं दार लावलं. पुढे लावायची नाही, फक्त मागच्या दाढांना, असं ठरवून लावली. लगेच थुंकले, चार वेळा चूळ भरली. दुसऱ्या दिवशी परत. मागे लावलेलं पुढे कसं जाईल, असा विचार करणारी मी बारावी पास बाई आहे.

टाके काढताना

कातडी गुलाबी व्हायला हवी होती. ती करडी पांढरी पडली होती आणि एका कडेने सुटली होती. डॉक्टरांनी चिमट्याने धरली तर हातात आली.

दीपक दाराशी उभे होते. त्यांना डॉक्टर म्हणाल्या की खाली जाऊन औषधाचा कागद शिक्का मारून आणा. ते गेल्यावर स्टूल माझ्याजवळ ओढून बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “मी रागावणार नाही. मशेरी लावता ना?”

मी मानेनेच हो म्हणाले. मग रडायला आलं.

त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, आधी सांगितलं असतं तर मी हे ऑपरेशन केलंच नसतं, आधी मशेरी सोडवली असती. आता टाळूची ती जागा वाया गेली आणि हे दोन दात बहुतेक काढावे लागतील. घरी सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी तुमच्या मिस्टरांना काही सांगणार नाही. व्यसन सोडवायला त्याच हॉस्पिटलात एक बाई बसायच्या, त्यांच्याकडे चिठ्ठी दिली.

दीपक शिक्का मारून धापा टाकत वर आले. काय झालं, कातडी का नाही धरली, ते विचारत होते. डॉक्टर म्हणाल्या, कधी कधी नाही धरत. त्यांनी माझ्यासाठी एवढं केलं.

बस स्टॉपवर मी दीपकना सांगितलं. सगळं नाही, दोन वाक्यांत. ते समोर रस्त्याकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी एकच विचारलं, “रोज?”

“रोज.”

बस आली, आम्ही चढलो. घरी आल्यावर त्यांनी पेज गाळली, थंड केली आणि माझ्यासमोर वाटी ठेवली. मग नऊ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पेज मात्र रोज दिली. वाटी ठेवल्याचा आवाज व्हायचा तेवढाच. त्यापेक्षा त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

दहाव्या दिवशी कपडे वाळत घालताना ते म्हणाले, “मी त्या मॅडमसमोर छाती फुगवून सांगितलं गं.” माझ्याकडे न बघता. मी सॉरी म्हणाले. ते हूं म्हणाले. त्यावर आमचं आजपर्यंत परत बोलणं झालेलं नाही. पण तो कौतुकाचा चेहराही मी परत बघितलेला नाही.

दोन दात

दात काढले. प्राचीच्या लग्नात मी काढता-घालता येणारी कवळी लावून गेले. त्या दिवशी तिने मला बाजूला घेतलं, फोटोवरून बोललेलं मनात धरू नकोस म्हणाली. मी म्हणाले, तुझं काय चुकलं त्यात. ती नसती बोलली तर बाकीचे दातही गेले असते.

मशेरी सोडताना मी दोनदा घसरले. दोन्ही वेळा त्या समुपदेशक बाईंना जाऊन सांगितलं. तेवढं मी शिकले होते. सकाळी गरम पाणी, भिजवलेल्या मनुका, तोंडात बडीशेप. पोटाचा प्रश्न महिनाभरात सुटला, ज्याच्यासाठी मी तीस वर्षं मशेरी लागते म्हणत होते. ब्रश आता मऊ घेते आणि हलक्या हाताने फिरवते. आणि गंमत बघा, मशेरी सुटल्यावर हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मी घाबरून गेले तर डॉक्टर म्हणाल्या, आता तुमच्या हिरड्या खरं सांगायला लागल्या. सफाई नीट झाल्यावर तेही थांबलं.

माता बैठकीत मी आता कवळी काढून दाखवते. बायका आधी हसतात, मग गप्प होतात. एखादी नंतर मागे थांबते.

संगीता

मला जे सर्वांत कठीण गेलं ते अजून लिहिलेलं नाही.

समुपदेशक बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरात अजून कोण लावतं? मी म्हणाले, धाकटी बहीण. तिला कोणी लावली, असं त्यांनी विचारलं नाही. मला मात्र तो प्रश्न ऐकू आला.

संगीता माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. वाकोल्याला राहते, घरी ब्लाऊज शिवते. ती बारा वर्षांची असताना तिची दाढ दुखत होती. आई कामावर गेली होती. ती रडून रडून लाल झाली, तेव्हा मी आईची डबी काढली आणि माझ्या बोटाने तिच्या हिरडीला मशेरी लावली. तिला चक्कर आली, मग ती झोपली. उठली तेव्हा दुखायचं थांबलं होतं. तेव्हापासून ती लावते.

मी वाकोल्याला गेले, तिला सगळं सांगितलं, कवळी काढून दातांची फट दाखवली. दवाखान्यात चल म्हणाले. ती शिलाई मशीनवरून न उठता हसत म्हणाली, तू दिलीस म्हणून माझं दुखणं थांबलं होतं ताई, मला तर तेवढंच आठवतं. माझे दात मजबूत आहेत. पण सुपारीचा तुकडा ती डाव्या बाजूने चावत होती, उजव्या बाजूला नेतच नव्हती. ते मला कळत होतं. मीही दोन वर्षं दुखरी जागा अशीच चुकवत होते.

ती यायला पाच महिने लागले. आली ती तिची वरची एक दाढ हातात घेऊनच आली. चपाती खाताना निघाली होती.

डॉक्टर त्याच होत्या. त्यांनी तेच प्रश्न विचारले आणि संगीताने सगळ्यांची खरी उत्तरं दिली. मशेरी लावते, दिवसातून तीनदा. कितव्या वर्षापासून? बाराव्या. एवढ्या लहान वयात कोणी लावली?

“आई लावायची,” संगीता म्हणाली. “तिचं बघून शिकले.”

मी मागे उभी होते. “नाही, डॉक्टर,” मी म्हणाले. “मी लावली तिला.”

संगीताने मान वळवून माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि तिला तोंड उघडायला सांगितलं. कागदावर ते लिहायला जागा नव्हती.

बाहेर आल्यावर ती चिडली होती. म्हणाली, आईचं नाव सांगितलं तर काय बिघडलं असतं? आई आता नाही. तिला काय लागणार आहे?

“आईने मला बजावलं होतं,” मी म्हणाले. “धाकटीला लावायची नाही म्हणून.”

हे तिला माहीत नव्हतं. ती जिन्यातच थांबली. “मग का दिलीस?”

एकतीस वर्षांत तिने हे मला पहिल्यांदा विचारलं. तू रडत होतीस, असं मी सांगू शकले असते, आणि ते खोटंही नव्हतं. पण तिथे मला ते पुरेसं वाटेना.

“पहिल्या दिवशी तुझी दाढ दुखत होती म्हणून,” मी म्हणाले. “दुसऱ्या दिवशी तुझं काही दुखत नव्हतं, संगी. मला एकटीला चोरून लावायचा कंटाळा आला होता. सोबत हवी होती.”

ती खाली उतरली, रिक्षा केली आणि वाकोल्याला गेली. मला चल म्हणाली नाही.

त्यानंतरच्या तारखांना ती एकटीच जाते. सफाई झाली, एक दाढ अजून काढली, बाकीच्या वाचतील असं डॉक्टर म्हणाल्या. हे मला तिच्या नवऱ्याकडून कळतं. मी तिला दोनदा फोन केला, ती कामात होती. मग मी करायचं थांबवलं.

परवा दुपारी मुलांची खिचडी वाटून झाली आणि तिचा फोन आला. तिने कशी आहेस विचारलं नाही. “ताई, एकवीस दिवस झाले,” एवढं म्हणाली.

कसले, ते तिने सांगितलं नाही. मी बरं म्हणाले. थोडा वेळ तिकडून फक्त मशीनचा आवाज येत राहिला. मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले.